ऑर्डर अणुभट्टीची, तारण घराचं

पत्र असं आहे:

"स. न. वि. वि.

अंबड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. माणसं सतरा-अठरा. काम मुख्यतः स्टेनलेस स्टीलचं. वायनरीच्या टाक्या, डेअरीचं पाइपिंग, थोडं फार्माचं. धंदा बरा चाललाय, पण वायनरीवाले हंगाम संपल्यावर पैसे देतात आणि डेअरीवाले भाव पाडून मागतात. दोन महिन्यांपूर्वी मुंबईच्या एका मोठ्या कंत्राटदार कंपनीने बोलावलं. त्यांच्याकडे 700 मेगावॉटच्या देशी अणुभट्ट्यांचं काम आहे. टाक्या आणि पाइप स्पूल मिळून 2 कोटी 60 लाखांची ऑर्डर दोन वर्षांत द्यायची. त्यासाठी वेगळं बंदिस्त शेड, नवी वेल्डिंग मशिन्स, वेल्डरची पात्रता परीक्षा, क्वालिटीचा स्वतंत्र माणूस हवा. मिळून 1 कोटी 80 लाखांचं कर्ज होतं. व्याज साडेदहा टक्के. बँक इंदिरानगरचं घर आणि वडिलांची दिंडोरीची द्राक्षबाग तारण मागते. दोन वर्षांचं व्याज धरून 47 लाख सुटतात असा माझा हिशेब आहे. दहा टक्के रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवायची रक्कम, आहे, ती प्लांट कमिशन झाल्यावर मिळेल असं लिहिलंय.

वडील म्हणतात, बाग तारण लावायची नाही. बायकोचं माहेर राजापूर तालुक्यातलं, जैतापूरच्या बाजूला. ती म्हणते, हे काम आपल्या घरात नकोच. वर्कशॉपमधली पोरं विचारतात, आपल्याला रेडिएशन होईल का? आणि मला रात्री झोप येत नाही ती वेगळ्याच कारणाने. उद्या त्या प्लांटला काही झालं आणि टाकी माझी निघाली, तर माझ्यावर येईल का? देश 2047 पर्यंत 1,00,000 मेगावॉटला जाणार म्हणतात, म्हणजे ही गाडी चुकली तर पुन्हा मिळायची नाही. काय करू?

आपला एक वाचक, नाशिक"

नमस्कार.

नाव छापू नका म्हणालात, छापलेलं नाही. आधी पोरांचा प्रश्न उरकतो, कारण तो सगळ्यात सोपा आहे.

तुमच्याकडे येणारी स्टेनलेसची प्लेट ही नुसती प्लेट असते. ती अणुभट्टीत जायची आहे म्हणून तिच्यात काही शिरत नाही. टाकी तुमच्या गेटबाहेर पडेपर्यंत तिचा किरणोत्साराशी काडीचा संबंध येत नाही. तरीही एक जागा आहे जिथे पोरांनी घाबरायला हवं, आणि नेमकी तीच कुणी तुम्हाला सांगितलेली नसणार. वायनरीच्या टाकीच्या वेल्डला डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरा दाखवणारा रंग, मारून भागतं. इथे टोकाला टोक जोडलेल्या महत्त्वाच्या वेल्डची रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रेसारखा आरपार फोटो, लागेल. म्हणजे एजन्सीची माणसं रात्री कॅमेरा घेऊन येणार. त्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा इरिडियम-192 असतं आणि केबल फिरवून तो एवढासा स्रोत बाहेर काढला की तेवढा वेळ तिथे खरोखरचा किरणोत्सार असतो. एजन्सीकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा, परवाना आहे का ते बघा. दोरी बांधून जागा अडवलेली हवी, किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर चालू हवा, त्यांच्या छातीला बॅज हवा. काम झाल्यावर स्रोत डब्यात परत गेल्याची मीटरवर खात्री झाल्याशिवाय दोरी काढायची नाही. चहा देऊन येतो म्हणून आत शिरणाऱ्या हेल्परला त्या रात्री घरी पाठवा.

2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगार बाजारात एक जण किरणोत्साराने दगावला. तो स्रोत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून भंगारात निघालेला कोबाल्ट-60 होता, अणुभट्टीशी त्याचा संबंध नव्हता. भंगार विकत घेताना आणि विकताना तुम्हीही डोळे उघडे ठेवा. एवढं पोरांना सांगा. पुढे पैशाचं.

तुमचा हिशेब मी पुन्हा मांडला. 1 कोटी 80 लाखांवर साडेदहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज 18 लाख 90 हजार. काम दोन वर्षांत संपलं आणि पैसे आले, तर 47 लाख सुटतात. ठीक. साइटच तयार नाही म्हणून काम दोन वर्षं लांबलं, तर व्याजापोटी आणखी 37 लाख 80 हजार जातात आणि हातात नऊ-सव्वानऊ लाख उरतात. तिसऱ्या वर्षी तुम्ही खिशातून घालायला लागता. यात रिटेन्शनचे 26 लाख धरलेले नाहीत, आणि पत्रातला सगळ्यात धोक्याचा मजकूर तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात तो तिथेच आहे. प्लांट कमिशन झाल्यावर.

कमिशन होणं म्हणजे प्लांट चालू होऊन वीज द्यायला लागणं. त्याला किती वेळ लागतो ते जरा बघा. राजस्थानात रावतभाट्याची सातव्या क्रमांकाची अणुभट्टी, तुमच्या ऑर्डरमधल्यासारखीच 700 मेगावॉटची, तिचं पहिलं काँक्रीट 2011 च्या जुलैत पडलं. व्यापारी वीज सुरू झाली 2025 च्या एप्रिलमध्ये. गुजरातेत काक्रापारच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीचं बांधकाम 2010 च्या अखेरीस सुरू झालं, त्यांची व्यापारी वीज 2023 आणि 2024 साली आली. या देशी डिझाइनच्या आणि आपल्याच लोकांनी बांधलेल्या. 2012 मध्ये एखाद्या पुरवठादाराने टाकी दिली असेल आणि त्याचं रिटेन्शन कमिशनिंगला बांधलेलं असेल, तर त्याने किती वर्षं वाट पाहिली असेल ते तुम्हीच मोजा. तेवढ्या काळात त्याचा मुलगा पहिलीतून इंजिनिअरिंगच्या कॉलेजात पोचला असेल.

हा उशीर तुमच्या कंत्राटदाराचा दोष नाही, आणि एखाद्या साहेबाच्या आळसाचाही नाही. धंद्याची घडणच तशी आहे. 1994 मध्ये कैगाच्या पहिल्या अणुभट्टीच्या घुमटाचा आतला थर बांधकाम चालू असतानाच निखळून पडला. डिझाइन पुन्हा तपासणं आलं, काम थांबलं. तमिळनाडूतल्या कुडनकुलमच्या सोव्हिएत अणुभट्ट्यांचा करार 1988 चा, राजीव गांधी आणि गोर्बाचेव यांच्या वेळचा. मग सोव्हिएत संघच राहिला नाही. काँक्रीट पडायला 2002 उजाडलं. 2007 च्या अखेरीस वीज मिळायची होती, ती लांबत गेली, तोवर 2011 चं फुकुशिमा झालं, इडिंथकराईच्या मच्छीमारांचं आंदोलन पेटलं, आणि पहिल्या अणुभट्टीची व्यापारी वीज 2014 च्या शेवटच्या दिवशी सुरू झाली. 13,171 कोटींचा अंदाज 17,000 कोटींच्या पार गेला. कल्पक्कमच्या 500 मेगावॉटच्या फास्ट ब्रीडर जातीच्या अणुभट्टीचं काम 2004 मध्ये सुरू झालं, 2010 चं लक्ष्य होतं, तिचा गाभा भरायला सुरुवात झाली 2024 च्या मार्चमध्ये. दहा देशी अणुभट्ट्यांना एकदम मंजुरी दिली ती 2017 साली. त्यातल्या माही बांसवाड्याची पायाभरणी पंतप्रधानांनी केली 2025 च्या सप्टेंबरमध्ये.

अणुऊर्जेत इंधनाचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो. कोळशाच्या प्लांटचं उलट. आपल्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला रोज कोळशाचा रेक, म्हणजे भरलेली मालगाडी, लागतो, रेक नाही आला तर चिमणी थंड. अणुभट्टीचे पैसे जवळजवळ सगळे वीज निघण्याआधी ओतावे लागतात आणि ओतलेल्या पैशावर व्याज चढत राहतं. तुमच्या वडिलांना हे तुमच्यापेक्षा चांगलं कळेल. द्राक्षबागेला खड्डे, मांडव, ठिबक, रूटस्टॉक, कलम, सगळा खर्च माल लागायच्या आधीच असतो. फरक इतकाच की बागेला पहिला माल दोन वर्षांत दिसतो. ते बाग तारण ठेवायला नाही म्हणतायत ते म्हातारपणीच्या हट्टाने नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, सर, मी काय देश आहे का? मला टाक्या बनवायच्या आहेत. पण जो उशीर देशाला महाग पडतो तोच उशीर तुमच्यापर्यंत येणार, आणि देशाकडे नोटा आपल्या नाशिकरोडलाच छापायची सोय आहे. तुमच्याकडे नाही.

फिलिपिन्सचं उदाहरण सांगतो, कारण गरीब देशाने अणुऊर्जेत पैसे घातल्यावर काय होऊ शकतं त्याचं ते टोकाचं रूप आहे. बटान नावाच्या ठिकाणी 621 मेगावॉटची अणुभट्टी. काम 1976 मध्ये सुरू. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला बांधून तयार, खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर. मग 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांची सत्ता गेली, त्याच वर्षी चेर्नोबिल झालं, नव्या सरकारने चावी फिरवलीच नाही. तिच्यातून एक युनिट वीज निघाली नाही, पण कर्जाचे हप्ते 2007 पर्यंत गेले. बांगलादेशाने रूपपूरला दोन अणुभट्ट्या घेतल्या, मुख्य करार 12.65 अब्ज डॉलरचा, त्यातले नव्वद टक्के रशियाचं कर्ज. युक्रेन युद्धानंतर निर्बंध आले आणि हप्ता नेमका कुठल्या चलनात, कुठल्या बँकेतून भरायचा हाच प्रश्न होऊन बसला. प्लांट बांधणाऱ्याने कुठेही हयगय केलेली नसताना.

श्रीमंतांचंही फार वेगळं नाही, हे न्यायाने सांगायला हवं. फ्रान्सने स्वतःच्या फ्लामाँव्हिलला ईपीआर जातीची अणुभट्टी 2007 मध्ये बांधायला घेतली, पाच वर्षांत संपवायची होती. ग्रिडला जोडली 2024 च्या डिसेंबरमध्ये, आणि 3.3 अब्ज युरोचा अंदाज 13.2 अब्जांवर गेला. जैतापूरला याच जातीच्या सहा घ्यायच्या आहेत, प्रत्येकी 1,730 मेगावॉटच्या.

इथे माझं मत सांगून टाकतो, म्हणजे मी कुठल्या बाजूचा ते तुम्हाला कळेल. 700 मेगावॉटच्या देशी अणुभट्ट्यांच्या मी बाजूने आहे. आपल्याला बांधता येतात, त्यांना नैसर्गिक युरेनियम चालतं, ते समृद्ध करावं लागत नाही, आणि एकलहऱ्याच्या राखेखाली ज्यांचं वाळवण काळं झालंय त्यांना कोळसा स्वस्त आहे हे सांगायला मी जाणार नाही. सूर्याची वीज आज भावात सगळ्यांना मागे टाकते, पण रात्रीचं काय, याचं पुरतं उत्तर अजून बॅटरीने दिलेलं नाही. जैतापूरला मात्र मी विरोधात आहे, आणि तो रेडिएशनपेक्षा जास्त पैशाच्या कारणाने. फ्रान्सला ज्या किमतीला घाम फुटला ती किंमत आपण सहा वेळा का मोजायची? 1,00,000 मेगावॉटचा आकडाही मी डोळे मिटून घेत नाही. 1984 मध्ये ठरलं होतं की 2000 सालापर्यंत 10,000 मेगावॉट. प्रत्यक्षात तेव्हा आपण 3,000 च्याही आत होतो. आज, पंचवीस वर्षांनी, नऊ हजारांच्या आसपास आहोत आणि देशाच्या विजेत अणुऊर्जेचा वाटा तीन टक्क्यांच्या घरात आहे. 1974 च्या पोखरणनंतर जगाने तंत्रज्ञान आणि इंधन रोखलं, ते 2008 पर्यंत. हे कारण खरंच आहे. पण कारण खरं असलं म्हणून वेळापत्रक खरं होत नाही. तेव्हा गाडी चुकेल ही भीती सोडा. ही गाडी तुमच्या नातवापर्यंत स्टेशनात उभी असेल.

आता तुमची रात्रीची झोप.

2010 च्या अणुदायित्व कायद्यात कलम 17(ब) होतं. अपघात होऊन भरपाई द्यावी लागली आणि त्याला पुरवठादाराच्या मालातला दोष कारण असला, तर प्लांट चालवणाऱ्याला त्या पुरवठादाराकडे वसुली मागता येत होती. याच कलमामुळे परदेशी कंपन्या वर्षानुवर्षं बिचकल्या. 2025 च्या डिसेंबरमध्ये संसदेने शांती कायदा केला, खाजगी कंपन्यांना दार उघडलं आणि पुरवठादारावरची ती तरतूद काढली. आता चालवणाऱ्याला पुरवठादाराकडे यायचं तर तसं करारात लेखी हवं, किंवा पुरवठादाराने मुद्दाम केलेलं कृत्य हवं.

वरवर वाचलं तर तुम्ही सुटलात. पण पहिला भाग पुन्हा वाचा: करारात लेखी. म्हणजे जी जबाबदारी आधी कायद्यात सगळ्यांना दिसत होती, ती आता तुमच्या पर्चेस ऑर्डरच्या मागच्या बाजूला, बारीक टायपात असू शकते. मोठा कंत्राटदार वरच्याकडून जी कलमं स्वतःच्या गळ्यात घेतो तीच 'बॅक टू बॅक' म्हणून खाली ढकलतो. तुमच्यासारख्याने त्या पानावर सही केली की मग कायद्याने काय काढलं याला अर्थ राहत नाही. इन्डेम्निटीचं, म्हणजे नुकसान भरून द्यायच्या हमीचं, कलम शोधा. त्यात तुमची कमाल जबाबदारी ऑर्डरच्या किमतीपुरती, फार तर तेवढीच, असं लिहून घ्या. आकडा नसेल तर सही नाही. यात मी तडजोड सुचवणार नाही.

कायद्याने चालवणाऱ्याच्या जबाबदारीलाही मर्यादा घातली आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. 2010 मध्ये 1,500 कोटी, आता अणुभट्टीच्या आकाराप्रमाणे 100 कोटींपासून मोठ्यात मोठीला 3,000 कोटींपर्यंत. फुकुशिमाच्या निस्तरणीचा जपान सरकारचा 2016 चा अंदाज साडेएकवीस लाख कोटी येन होता. रुपयांत केले तरी ते दहा लाख कोटींच्या वर जातात. मधलं अंतर कोण भरणार? सरकार, म्हणजे तुम्ही आणि मी, आणि ज्यांच्या शेजारी प्लांट आहे ते लोक. तुमच्या सौभाग्यवतींचा आक्षेप यालाच येऊन मिळतो, त्यावर शेवटी येतो.

टाकी माझी निघाली तर, हा प्रश्न कायद्यापलीकडचाही आहे. 31 मार्च 1993 च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोराच्या अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली. अणुभट्टीत काही बिघडलं नव्हतं. पात्यांच्या धक्क्याने जनरेटरमधला हायड्रोजन गळला, पेटला, केबल्स जळाल्या आणि प्लांटची सगळी वीज सुमारे सतरा तास गेली. माणसं टॉर्च घेऊन अंधारात वर चढली आणि त्यांनी साखळी प्रक्रिया रोखणारं बोरॉन हाताने सोडलं. डिझेलवर चालणारे आग विझवायचे पंप लावून गाभा थंड ठेवला. त्यांच्या धडाडीला सलाम, पण सुरुवात झाली ती कुठल्याही साध्या वीजकेंद्रात असतात तशा पात्यांपासून. म्हणून ते लोक तुमच्याकडे एवढे कागद मागतात.

कागदांचं मनावर घ्या. प्रत्येक प्लेटचा हीट नंबर, म्हणजे ती कुठल्या ओतातली आहे तो क्रमांक, कापल्यावरही प्रत्येक तुकड्यावर उतरवायचा. मिल टेस्ट सर्टिफिकेट मूळ हवं. होल्ड पॉइंटला, म्हणजे तपासणीशिवाय पुढे जायचं नाही अशा टप्प्याला, इन्स्पेक्टर आला नाही तर थांबायचं, तो चार दिवसांनी आला तरी. तुमच्या माणसांना सगळ्यात जड जाईल ती स्वच्छता. स्टेनलेसच्या शेडमध्ये साधं लोखंड शिरता कामा नये. ज्या ग्राइंडिंग व्हीलने एमएस, म्हणजे साधं लोखंड, घासलं ते व्हील स्टेनलेसला लावलं की लोखंडाचे कण रुततात आणि तिथून गंज धरतो. वायर ब्रशसुद्धा स्टेनलेसचेच, वेगळे ठेवलेले. हायड्रो टेस्टला, म्हणजे पाणी भरून दाब देण्याच्या चाचणीला, बोअरचं पाणी चालत नाही, क्लोराइड नसलेलं लागतं. मार्किंगचा पेन आणि चिकटपट्टीसुद्धा क्लोराइड तपासून घ्यावी लागते, कारण क्लोराइड आणि ताण एकत्र आले की स्टेनलेसला आतून बारीक चिरा जातात, आणि त्या दिसतात तेव्हा टाकी हजार किलोमीटर लांब काँक्रीटच्या आत बसलेली असते. दुपारी जेवून आलेल्या पोराने घामट हाताने पाइपच्या आतून बोट फिरवलं तर तोही इथे दोष धरला जातो. वायनरीचं काम करणाऱ्यांना स्वच्छता माहीत असते, म्हणून तुम्ही जमवाल असं मला वाटतं.

कागदात खोटेपणा शिरला तर काय होतं ते दक्षिण कोरियाने 2012 मध्ये पाहिलं. पुरवठादारांनी हजारो सुट्या भागांची बनावट गुणवत्ता प्रमाणपत्रं दिली होती. ते उघडकीस आल्यावर योंगग्वांगच्या दोन अणुभट्ट्या ऐन हिवाळ्याच्या तोंडावर बंद कराव्या लागल्या आणि पुढे लोक तुरुंगात गेले. उशीर झाला, डिलिव्हरी गाठायची आहे, प्लेट तर चांगलीच दिसतेय, सर्टिफिकेट नंतर मिळेल, असं म्हणणारा क्वालिटीचा माणूस पहिल्याच महिन्यात काढून टाका. नव्या कायद्यातलं 'मुद्दाम केलेलं कृत्य' कुठे सुरू होतं याची परीक्षा स्वतःवर करून बघायची नाही.

मग ऑर्डर घ्यायची की नाही? घ्या, पण ही नाही आणि अशी नाही.

कंत्राटदाराला सांगा, पहिल्या खेपेला पाइप सपोर्ट, एम्बेडेड पार्ट्स म्हणजे काँक्रीटमध्ये बसवायचे भाग, खालच्या गुणवत्ता वर्गातलं काम द्या, पन्नास-साठ लाखांचं. त्याला एवढं मोठं शेड लागत नाही. आहे त्या वर्कशॉपचा एक भाग भिंत घालून वेगळा करा किंवा शेजारी भाड्याने घ्या, अंबडला आणि सातपूरला रिकामी शेड आहेत. दोन वेल्डरची पात्रता करून घ्या, सगळ्यांची नको. जे घ्याल ते असं घ्या की ऑर्डर लांबली तरी त्याच खोलीत फार्माचं काम करता येईल. पाइपमध्ये आर्गन वायू भरून वेल्ड केलेलं स्वच्छ स्टेनलेस काम करून देणाऱ्याला नाशिकमध्ये फार्मा कंपन्या शोधत येतात आणि डेअरीवाल्यांपेक्षा बरा भाव देतात. अणुभट्टीच्या वेळापत्रकावर चूल पेटवायची नाही.

कर्ज घर आणि बाग तारण न लावता मागा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी सीजीटीएमएसई ही पत हमी योजना आहे, 2025 च्या एप्रिलपासून तिची मर्यादा 10 कोटींपर्यंत नेलेली आहे. हमी शुल्क भरावं लागतं, पण तारण लागत नाही. शाखेतला साहेब तोंड वाकडं करेल, कारण त्याला तारण घेणं सोपं जातं. दुसऱ्या बँकेत जा. उद्यम नोंदणी असेलच, नसली तर आज करा. नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि वेळेत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे शेवटचं त्यांच्या अकाउंट्सवाल्याला चांगलं कळतं. कंपनी ट्रेड्सवर, म्हणजे लहान पुरवठादारांची बिलं बँकांना विकायच्या ऑनलाइन व्यासपीठावर, असेल तर बिल तिथे टाका, म्हणजे तुमचे पैसे अडकत नाहीत, बँक आणि ती कंपनी बघून घेतील.

रिटेन्शन. ते कमिशनिंगला बांधू देऊ नका. माल साइटवर पोचून स्वीकारल्यावर बारा, फार तर अठरा महिन्यांनी मिळावं, असं मागा. त्यांना हवी असेल तर तेवढ्या रकमेची बँक गॅरंटी द्या, मुदत छापलेली. गॅरंटीलाही मार्जिन म्हणून बँकेत थोडे पैसे अडकतात, तरी 26 लाख चौदा वर्षं बाहेर राहण्यापेक्षा ते परवडलं. आणि साइट तयार नाही म्हणून माल तुमच्याच शेडमध्ये पडून राहिला, तर साठवणुकीचे पैसे आणि नव्वद टक्के बिल, हे लिहून घ्या. त्यांच्या फॉर्ममध्ये तुमच्या उशिराचा दंड टक्क्यांत छापलेला असणार. त्यांच्या उशिराचा रकाना सहसा नसतो. तो तुम्ही टाका.

आता घरचं.

सौभाग्यवतींना आकडे सांगू नका. लोकांसाठी निसर्गात असतोच त्या किरणोत्साराखेरीज वर्षाला एक मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, तारापूर 1969 पासून चाललंय, सरळ रेषेत मोजलं तर तारापूर आपल्या नाशिकला जैतापूरपेक्षा खूप जवळ आहे, हे सगळं खरं आहे आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नाही. जैतापूर प्रकल्पासाठी माडबन आणि शेजारच्या गावांतल्या लोकांची नऊशेहून जास्त हेक्टर जमीन घेतली गेली. 18 एप्रिल 2011 ला साखरी नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार गेला. त्या गावांना आपल्याला कुणी विचारलं नाही याचा राग आहे, आणि वर सांगितलेल्या मर्यादेपलीकडची भरपाई द्यायची वेळ आली तर पहिला तोटा त्यांच्याच होडीला बसणार हे त्यांना कळतं. हा राग तुमच्या टाकीच्या गुणवत्तेने शमत नाही.

ही ऑर्डर जैतापूरची नाही, देशी अणुभट्ट्यांची आहे, असं तुम्ही त्यांना सांगितलं असणार. त्या त्यावर गप्प बसल्या असतील तर पटलंय असं धरू नका. त्यांना विचारा, उद्या जैतापूरची ऑर्डर आली तर आपण काय करायचं? आणि त्या नाही म्हणाल्या तर आत्ताच ठरवून टाका की ती घेणार नाही. शेड बांधल्यावर, हप्ते चालू झाल्यावर, समोर दोन कोटींची ऑर्डर असताना हे ठरवता येत नाही. बाग आणि घर तारण नसेल तर तेव्हा नाही म्हणणं तुम्हाला परवडेल, हेही त्यांच्या लक्षात येईल. माझा अंदाज आहे की लहान ऑर्डरला त्या हरकत घेणार नाहीत. घेतलीच, तर फार्माचं काम तसंही तुमच्या दारात उभं आहे आणि त्याला कुणाच्या माहेराची आडकाठी नाही.

वडिलांना बाग तारण लावत नाही एवढंच आजच सांगा, बाकीचं नंतर. कंत्राटदाराचा माणूस पुढच्या वेळी येईल तेव्हा ऑर्डरच्या सर्वसाधारण अटींची पूर्ण प्रत मागून घ्या, पहिली दोन पानं नको, मागची सगळी. ती बांधकाम आणि पुरवठा करारांचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा, जमिनीच्या दाव्यांवाल्याला नको. त्याची फी पंधरा-वीस हजार होईल. इन्डेम्निटीला आकडा घालायला कंपनी तयार नसेल, तर तिथेच चहा पाजून निरोप द्या.